प्रेमकथा नकोशी वाटणाऱ्या वाचकाने चित्रकथेतील प्रेम कसे वाचावे

माझ्या घरच्या पुस्तकांच्या कपाटात हेरकथा, प्रवासवर्णने आणि मराठेशाहीचा इतिहास यांनी चार खण भरलेले आहेत, आणि प्रेमकथेला तिथे कित्येक वर्षे जागा मिळाली नव्हती. पहिल्या भेटीपासून शेवटच्या मीलनापर्यंतची वाट आधीच ठाऊक असते आणि त्या वाटेवर प्रत्येक वळणाला आपल्याला काय वाटले पाहिजे हे लेखक सांगत राहतो, असा माझा अनुभव होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करणारी माझी भाची एका रविवारी जेवायला आली आणि जाताना एक जाडसर जपानी चित्रकथा टेबलावर ठेवून गेली. "मामा, यातला मुलगा प्रवेशपरीक्षेत नापास झालाय, शेजारी त्याच्या खोलीत घुसून धिंगाणा घालतात आणि त्याचा अभ्यास होत नाही. प्रेमाचं राहू द्या, एवढ्यासाठी तरी वाचा," असे ती म्हणाली. मी तेवढ्यासाठीच पुस्तक उघडले आणि तीन आठवड्यांनी तिच्याकडे पुढचा खंड मागितला.

पुढच्या दोन वर्षांत मी अशा अनेक चित्रकथा वाचल्या. काही अर्ध्यावर सोडल्या, काही दोनदा वाचल्या. प्रेमकथेला नाक न मुरडता, पण तिच्याविषयी मनात शंका बाळगून असलेल्या वाचकाने या वाटेने कसे जावे, हे त्या अनुभवातून येथे क्रमाने मांडतो आहे.

आधी आपली तक्रार नेमकी ओळखावी

"मला प्रेमकथा आवडत नाहीत" हे वाक्य फार ढोबळ आहे आणि त्यावरून पुस्तक निवडता येत नाही. म्हणून एका कागदावर, शेवटी कंटाळून सोडलेल्या दोन-तीन प्रेमकथा आठवून, कोणत्या ठिकाणी आपण थांबलो ते लिहून काढावे. माझ्या बाबतीत तक्रार भाषेची होती. काळजाचे ठोके, डोळ्यांतील अथांगता, अंगावर उठणारे रोमांच यांची वर्णने वाचताना माझ्या मनात काहीही उठत नसे, कारण उठण्यासारखे सारे लेखकानेच कागदावर उतरवून ठेवलेले असे. अशा वाचकाला चित्रकथा सर्वांत लवकर मानवते, कारण तिच्यात विशेषणांना जागाच थोडी असते.

दुसऱ्या काहींची तक्रार शेवटाविषयी असते: दोघे एकत्र येणार हे ठाऊक असताना तीनशे पाने का वाचावीत? त्यांनी दोघे एकत्र आल्यानंतर सुरू होणारी किंवा दुरावल्यानंतर मागे वळून पाहणारी कथा घ्यावी. काहींना संकोच वाटतो, आणि तो संकोच गाडीत किंवा वाचनालयात चित्रांमुळे वाढतो. त्यावर घरी वाचणे हा साधा उपाय आहे. चौथी तक्रार मात्र मी गंभीर मानतो. नायिकेने नकार दिल्यावरही नायक पाठ सोडत नाही आणि त्या हट्टालाच प्रेम म्हटले जाते, हे ज्यांना खटकते त्यांनी ही तक्रार सोडून देऊ नये. ती बरोबर घेऊनच वाचावे. तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आपण हे वाचन थोडेफार शिकलेलो आहोत

चित्रकथा हा परका प्रकार आहे, अशी समजूत असेल तर ती दूर करावी. 1991 पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने पुणेकरांच्या घराघरांत सकाळच्या चहाबरोबर मोजक्या चौकटींची गोष्ट वाचण्याची सवय लावली. पहिल्या चौकटीत प्रश्न, मधल्या चौकटीत थोडी वाट आणि शेवटच्या चौकटीत चेहरा, ही लय आपल्या डोळ्यांत बसलेली आहे. शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांनी तर एक अक्षरही न वाचता माणसामाणसांतील नाते ओळखायला शिकवले. अमर चित्रकथेतील नल-दमयंती आणि शकुंतला लहानपणी वाचताना आपण प्रेमकथा वाचत आहोत, असे कुणाच्याही मनात आले नसेल.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आठवत असेल. ली फॉक यांनी 1936 साली ही मालिका सुरू केली तेव्हापासून वेताळाची प्रेयसी डायना पामर तिच्यात आहे आणि त्या दोघांचे लग्न झाले ते 1977 साली. एकेचाळीस वर्षे चाललेली ही प्रतीक्षा आपण कवटीची गुहा, चाचे आणि पिग्मी लोकांच्या विषबाणांच्या मागे मागे वाचत आलो. प्रेम कथेच्या कडेला उभे असले की ते आपल्याला खुपत नाही. मग ते मधोमध आले की नेमके काय बदलते, हा प्रश्न मनाशी ठेवून पुढचे पुस्तक निवडावे.

पहिले पुस्तक निवडताना

या टप्प्यावर घाई करू नये, कारण पहिले पुस्तक चुकले की वाचक परत येत नाही.

प्रेमकथांच्या कॉमिक्सची परंपरा अमेरिकेत 1947 साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी काढलेल्या 'यंग रोमान्स' या मासिकापासून धरली जाते. याच जोडीने त्याआधी कॅप्टन अमेरिका हे पात्र घडवले होते. त्या मासिकाला मोठे यश मिळाले आणि पाठोपाठ तशा मासिकांचे पीक आले. पुढे 1954 मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या, मजकुरावर बंधने आणणाऱ्या संहितेमुळे त्यांतील धीटपणा गेला आणि उरला तो बहुतांशी ठरावीक साचा. अभ्यासासाठी ही मासिके मोलाची आहेत, पण अनिच्छुक वाचकाने त्यांच्यापासून आरंभ करू नये, कारण ज्या साच्याला आपण कंटाळलो आहोत तोच तेथे शुद्ध स्वरूपात भेटतो.

माझी पहिली शिफारस भाचीने दिलेल्या पुस्तकाचीच आहे. रुमिको ताकाहाशी यांची 'मेझोन इक्कोकू' ही मालिका जपानमध्ये 1980 ते 1987 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मूळ जपानीत तिचे 15 खंड झाले. गोदाई हा प्रवेशपरीक्षेत अपयश आलेला तरुण एका जुनाट लाकडी घरात भाड्याने राहतो. शेजाऱ्यांच्या गोंधळाला कंटाळून तो खोली सोडायला निघालेला असतानाच त्या घराची नवी व्यवस्थापक म्हणून क्योको येते आणि तो थांबतो. क्योको तरुण वयात विधवा झालेली आहे, दिवंगत पतीची आठवण तिच्या रोजच्या जगण्यात आहे आणि तिच्या कुत्र्याला लोक त्या पतीच्याच नावाने हाक मारतात. पुण्यात ही कथा परकी वाटत नाही. अभ्यासिकेतील जागा, मेसचा डबा, भिंतीपलीकडचा आवाज आणि घरून येणारा "यंदा तरी?" हा प्रश्न सदाशिव आणि नारायण पेठेत हजारो मुले जगत असतात. शिवाय 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुण्यात पुनर्विवाह केला आणि त्यापायी मुरूड गावाचा बहिष्कार सोसला, हे जाणणाऱ्या वाचकाला विधवेने दुसऱ्यांदा कुणाचा विचार करणे म्हणजे काय, याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गोदाईसमोरचा खरा प्रश्न एका मृत माणसाच्या आठवणीशी कसे वागावे हा आहे. त्या माणसाशी त्याला स्पर्धा करता येत नाही आणि त्याला विसरायला लावणेही त्याला शोभत नाही. हा प्रश्न मला कोणत्याही हेरकथेतील कोड्याइतकाच गुंतवून ठेवणारा वाटला.

ज्यांना एकाच खंडात संपणारी, प्रौढ वयाची कथा हवी आहे त्यांनी डेव्हिड मॅझुकेली यांची 2009 साली आलेली 'ॲस्टेरिओस पॉलिप' घ्यावी. तिचा नायक एक वास्तुरचनाकार आहे. त्याच्या आराखड्यांवरून एकही इमारत कधी उभी राहिलेली नाही. पन्नासाव्या वाढदिवशी वीज पडून त्याचे घर जळते आणि तो मोडलेल्या संसाराकडे मागे वळून पाहतो. शेवट आधीच ठाऊक असल्याची तक्रार येथे टिकत नाही, कारण कथा त्या शेवटाच्या पलीकडूनच सुरू होते.

ज्यांना विज्ञानकथा आवडते त्यांच्यासाठी ब्रायन के. व्हॉन आणि फियोना स्टेपल्स यांची 2012 मध्ये सुरू झालेली 'सागा' आहे. परस्परांशी युद्ध करणाऱ्या दोन बाजूंचे दोन सैनिक, त्यांचे लग्न झालेले, आणि पहिल्याच प्रसंगात त्यांच्या मुलीचा जन्म. पुढची गोष्ट तीच मुलगी सांगते. हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे, हे घरात मुले असतील तर लक्षात ठेवावे. क्रेग थॉम्पसन यांचे 2003 सालचे 'ब्लँकेट्स' हे आत्मकथन पौगंडावस्थेतील पहिल्या प्रेमाचे आहे. त्यातील बर्फाची पांढरी पाने विसरता येत नाहीत, पण बालपणीच्या अत्याचाराचे प्रसंगही त्यात आहेत. भारतीय पुस्तक हवे असेल तर अमृता पाटील यांची 'कारी' (2008) आहे. मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कारीचे आणि तिला सोडून गेलेल्या रूथचे हे नाते दोन स्त्रियांमधील आहे आणि कथेचा आरंभ आत्महत्येच्या प्रयत्नाने होतो. मन हळवे असलेल्या दिवसांत ते हाती घेऊ नये. ही सर्व पुस्तके इंग्रजीत वाचावी लागतात, पण त्यांतील इंग्रजी अवघड नाही, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा चित्रच सांगते.

पुस्तक मिळवणे

अप्पा बळवंत चौकात मुख्य व्यवहार शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा असल्याने तिथे अशी पुस्तके समोर मांडलेली दिसत नाहीत. लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि मागवून देता येईल का, असे विचारावे. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव ही निवांत चाळून पाहण्याची संधी आहे. वाचनालयाचे सभासद असाल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवावी. चित्रकथा केवळ बालविभागासाठी असतात ही समजूत वाचकांनी मागणी केल्याशिवाय बदलणार नाही. मालिका असेल तर पहिला खंड वाचून झाल्याशिवाय पुढचे घेऊ नयेत. खर्च वाचतोच, पण विकत घेतलेला संच पूर्ण करण्याचे ओझेही डोक्यावर राहत नाही.

जपानी पुस्तक घेताना ते कोणत्या बाजूने उघडते ते दुकानातच पाहावे. बहुतेक नव्या इंग्रजी आवृत्त्या मूळ जपानीप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, म्हणजे आपण ज्याला मलपृष्ठ समजतो तेथून कथा सुरू होते. पानावरही उजव्या कोपऱ्यातील वरची चौकट पहिली, आणि चौकटीतील उजवीकडचा संवादाचा फुगा आधी. पहिल्या तीस-चाळीस पानांत डोळे चुकतात, नंतर सवय होते. मोबाइलवर वरून खाली सरकत जाणाऱ्या कोरियन पद्धतीच्या कथा सोप्या वाटतात आणि त्यांत दोन चित्रांमधील अंतर जितके लांब तितका वेळ गेला, अशी मोजणी असते. तरीही आरंभ छापील पुस्तकाने करावा, असे माझे मत आहे, कारण समोरासमोरची दोन पाने एकाच वेळी दिसणे हा या कलेचा अर्धा आनंद आहे आणि तो बोटाने सरकवण्याच्या पडद्यावर मिळत नाही.

पहिली वीस पाने दोनदा

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येऊ. शांत जागी, चांगल्या उजेडात, टेबलावर पुस्तक पसरून बसावे. पहिली वीस पाने एकही शब्द न वाचता पाहावीत. कोण कोणाकडे पाहते, कोण दाराशी उभे आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, एवढेच टिपावे. मग पहिल्या पानावर परत येऊन शब्दांसह वाचावे. कादंबरीच्या वाचकाला फुग्यांतील मजकूर भराभर वाचून पान उलटण्याची सवय असते; शब्द कमी असल्यामुळे दोनशे पानांची चित्रकथा तासाभरात संपते आणि "यात काहीच नव्हते" असे वाटते. माझेही पहिल्या दिवशी तेच झाले होते. जे होते ते शब्दांच्या बाहेर होते.

चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक मोकळी पट्टी असते. इंग्रजीत तिला गटर म्हणतात. मराठीत तो शब्द भलताच अर्थ देतो, म्हणून मी तिला फट म्हणतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 सालच्या आपल्या चित्रकथारूपातील विवेचनात दाखवून दिले की कथेतील बरेचसे घडणे या फटीत होते आणि ते वाचक स्वतःच्या मनाने घडवतो. एका चौकटीत उचललेला हात आणि पुढच्या चौकटीत मिटलेले दार असेल, तर दार आपटण्याचा क्षण कुणीही काढलेला नसतो. तो आपणच ऐकतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. गाथासप्तशती या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहातील एका प्रसिद्ध गाथेत एक स्त्री धार्मिक माणसाला सांगते की, बाबा, आता निर्धास्तपणे फीर, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने तुला भिववणाऱ्या त्या कुत्र्याला आज मारले आहे. वरवर हे अभयदान आहे. प्रत्यक्षात तिला त्या झाडीत प्रियकराला भेटायचे आहे आणि या माणसाने तिकडे फिरकू नये, एवढाच तिचा हेतू आहे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचे, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाचे, विवेचन करताना ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. त्या गाथेत प्रेम हा शब्द नाही, प्रियकर नाही, भेटही नाही. सिंह आणि कुत्रा आहेत. आपल्याच मातीतील प्राकृत कवितेने जे दोन ओळींत केले, ते चित्रकथा दोन चौकटींत करते. त्यामुळे ज्याला प्रेमाची वर्णने नको आहेत पण गाथा आवडतात, अशा वाचकासाठी हा प्रकार जवळचा आहे.

एक सराव सुचवतो. मुठेवरच्या झेड पुलावर संध्याकाळी दुचाकी लावून बसलेली जोडपी पुणेकरांना परिचित आहेत. समजा, चित्रकाराने चार चौकटी काढल्या. पहिल्या चौकटीत कठड्याशी उभी स्कूटर आणि तिच्या सीटवर दोघे, मध्ये एक फुगलेली सॅक. दुसऱ्या चौकटीत फक्त खालचे नदीपात्र आणि त्यात हलणारे दिवे. तिसऱ्या चौकटीत पुन्हा पाणी, पण दिवे वाढलेले. चौथ्या चौकटीत तीच स्कूटर, तेच दोघे पाठमोरे, आणि सॅक पायाशी फूटबोर्डवर ठेवलेली. कुणी काही बोलले नाही. आता पहिल्या आणि दुसऱ्या चौकटींमधील फटीवर बोट ठेवून, तेथे काय झाले असेल ते एका वाक्यात मोठ्याने सांगावे. मग तिसऱ्या आणि चौथीच्या मध्ये. सॅक कुणी हलवली? विचारून की न विचारता? किती वेळ लागला? तुम्ही दिलेली उत्तरे चित्रकाराची नाहीत, तुमची आहेत, आणि म्हणूनच ती तुम्हाला कृत्रिम वाटणार नाहीत. हाच सराव हातातील पुस्तकाच्या एका पानावर रोज करावा. आठवड्याभरात फटी आपोआप वाचल्या जाऊ लागतात.

कशाकडे पाहावे

चेहऱ्यांकडे आपण पाहतोच, म्हणून हातांपासून सुरुवात करावी. चांगला चित्रकार चेहरा संयमित ठेवून मनातले हातांतून सांगतो: कपाचा कान घट्ट धरलेली बोटे, खिशात गेलेला हात, दुसऱ्याच्या बाहीपाशी येऊन थांबलेला हात. त्यानंतर दोन शरीरांमधील अंतर पाहावे आणि ते पानागणिक कसे बदलते याची मनात नोंद ठेवावी. मी पहिल्या खंडात पेन्सिलीने समासात बारीक रेघा करीत असे. पुस्तक स्वतःचे असेल तरच हे करावे.

त्यानंतर चौकटींचा आकार. एखादा क्षण पानभर पसरलेला असेल तर चित्रकार आपल्याला थांबायला सांगत आहे; एकाच चेहऱ्याच्या तीन सारख्या चौकटी एकापाठोपाठ आल्या तर पात्र बोलावे की न बोलावे हे ठरवत आहे. जपानी चित्रकथांत अनेकदा कथा थांबते आणि छपराची कड, वाळत घातलेले कपडे, रिकामा जिना अशी चित्रे येतात. घाईचा वाचक ती ओलांडून जातो. ती चित्रे म्हणजे त्या क्षणाचे हवामान असते, आणि पात्रांना जे बोलता येत नाही ते तेथे ठेवलेले असते.

मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांत चेहऱ्यांमागे फुले, पिसे, चमकणारे ठिपके दिसतात आणि अनिच्छुक वाचक बहुधा तेथेच पुस्तक मिटतो. एक गोष्ट ठाऊक असली तर ते पान वेगळे दिसू लागते. जपानी कालगणनेतील शोवा 24, म्हणजे 1949 या वर्षाच्या आसपास जन्मलेल्या मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या चित्रकर्तींनी 1970 च्या दशकात चौकटींच्या रेषा पुसल्या, चित्रे एकमेकांवर चढवली आणि बाहेरच्या घटनेइतकीच जागा मनातल्या घटनेला दिली. पार्श्वभूमीवरची फुले त्या खोलीत नसतात. ती पात्राच्या मनात असतात, आणि ती कोमेजलेली, उडून गेलेली किंवा अचानक नाहीशी झालेली असतील तर त्यालाही अर्थ असतो.

फुग्यांचा आकार आणि अक्षरांचे वळण हा शेवटचा, पण मला अतिशय आवडणारा भाग आहे. 'ॲस्टेरिओस पॉलिप'मध्ये नायकाचे बोलणे चौकोनी फुग्यांत आणि त्याची पत्नी हाना हिचे बोलणे गोलाकार फुग्यांत येते. दोघांची पहिली भेट होते तेव्हा तो निळ्या, भूमितीच्या पोकळ आकृत्यांनी आणि ती गुलाबी, मऊ छायारेषांनी काढलेली आहे. बोलता बोलता तिच्या छटा त्याच्यात आणि त्याच्या रेषा तिच्यात उतरतात आणि दोघे एकाच जगातील माणसे होतात. पुढे भांडण झाले की रंग आणि रेषा पुन्हा विलग होतात. दोघांचे जुळले किंवा बिनसले हे सांगण्यासाठी एकही वाक्य खर्च झालेले नाही. हे पान समोर आले तेव्हा मी पुस्तक तसेच उघडे ठेवून बराच वेळ बसलो होतो. माझ्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती आणि घरातल्या कितीतरी संध्याकाळी मला त्या दोन रंगांत दिसू लागल्या.

वेग, कंटाळा आणि सोडून देणे

क्रमशः प्रसिद्ध झालेली कथा एका बैठकीत वाचू नये. 'मेझोन इक्कोकू' तिच्या पहिल्या वाचकांनी सात वर्षांत वाचली आणि त्या काळात पात्रांचेही वय वाढत गेले. सलग वाचली तर गैरसमज, पुन्हा गैरसमज, पुन्हा माघार अशी आवर्तने जाणवतात आणि चीड येते. आठवड्याला एक खंड, तोही दोन-तीन बैठकांत, हा वेग मला मानवला. मधल्या दिवसांत पात्रे मनात राहतात, आणि गोदाईला या खेपेला नोकरी मिळाली असेल का, असा विचार लक्ष्मी रस्त्यावर चालताना आला की समजावे, कथा लागू पडली आहे.

कंटाळा आला तर आधी त्याचे कारण पाहावे. काहीच घडत नाही म्हणून कंटाळा आला असेल तर मागची दहा पाने शब्द न वाचता पुन्हा पाहावीत. पात्रेच खोटी वाटत असतील तर पुस्तक सोडून द्यावे आणि मनाला लावून घेऊ नये. एका खंडात किंवा शंभर पानांत एकाही पात्राविषयी कुतूहल निर्माण झाले नाही, तर ते पुस्तक आपले नाही.

मतभेद सोडू नयेत

सुरुवातीला म्हटलेली चौथी तक्रार येथे उपयोगी पडते. प्रेमकथा आवडू लागली म्हणून पात्राचे प्रत्येक वागणे गोड मानण्याचे कारण नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अनेक चित्रकथांत चोरून पाहणे, दारू पिऊन आरडाओरडा करणे, मत्सरापोटी अबोला धरणे हे विनोद म्हणून येते आणि 'मेझोन इक्कोकू'ही त्याला अपवाद नाही. अशा ठिकाणी थांबून विचारावे: हे वागणे कथेने कसे दाखवले आहे? दुसऱ्या व्यक्तीचा चेहरा चित्रकाराने दाखवला की टाळला? नकार उच्चारणाऱ्या पात्राला चौकट मिळते का, की ते पात्र चौकटीबाहेर ढकलले जाते? या प्रश्नांची उत्तरे पानावरच असतात, आणि चित्रकथेत ती शोधणे कादंबरीपेक्षा सोपे असते, कारण लपवायला वर्णनाचा आडोसा नसतो. ज्या कथेत नकाराला मोठी, स्वच्छ चौकट मिळते, तिच्यावर मी विश्वास ठेवतो.

या मुद्द्यावर भाचीचे आणि माझे एकमत नाही. तिच्या मते गोदाईचे वय आणि परिस्थिती पाहून त्याला बरेच माफ करावे, आणि क्योकोही तितकीच हट्टी आहे. आम्ही दोघांनी एकेक खंड वाचून रविवारी त्यावर बोलण्याचा नेम ठेवला आहे, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी असा एखादा सोबती जरूर शोधावा. चर्चेत "आवडले" किंवा "नाही आवडले" एवढ्यावर थांबू नये. नेमक्या पानाचा आकडा सांगून, तेथे कोणत्या फटीत काय झाले असे वाटले, ते एकमेकांना सांगावे. दोघांची उत्तरे क्वचितच जुळतात.

दुसरे पुस्तक

पहिले पुस्तक पूर्ण झाल्यावर लगेच त्याच्यासारखेच दुसरे घेऊ नये. लांबलेली मालिका वाचली असेल तर एका खंडाचे पुस्तक, विनोदी वाचले असेल तर गंभीर, जपानी वाचले असेल तर भारतीय किंवा अमेरिकी घ्यावे, म्हणजे आपल्याला प्रकार आवडला की केवळ एक लेखिका आवडली, हे कळते. दरम्यान पहिल्या पुस्तकातील आपल्याला सर्वांत नकोसा वाटलेला प्रसंग, महिनाभराने, पुन्हा एकदा पाहावा. माझ्या बाबतीत तो क्योकोच्या पतीच्या समाधीपाशी जाण्याचा होता. पहिल्या वाचनात मी ती पाने भावनिक म्हणून भराभर उलटली होती. दुसऱ्या वेळी मी फक्त हात पाहिले.

भाचीची मुख्य परीक्षा झाली की आम्ही 'ॲस्टेरिओस पॉलिप' एकत्र वाचणार आहोत. तिने ते अजून उघडलेले नाही. कथा मी सांगितलेली नाही. निळा आणि गुलाबी जेथे पहिल्यांदा वेगळे होताना दिसतील त्या पानावर चिठ्ठी लावून ठेव, एवढेच सांगितले आहे. माझी चिठ्ठी कोणत्या पानावर आहे, ते मी तिला नंतर दाखवीन.